डबीतली तीन तारीख

कोसमटोल्याच्या वाटेवरचं मोहाचं झाड बोलतं, असं संघप्रियाला पहिल्या दिवशी वाटलं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

चंद्रपूरहून पहाटेची एसटी, वडशाला बदललेली दुसरी, कुरखेड्यापासून बारा किलोमीटर एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, आणि शेवटचे दोन पायी. खांद्याला सॅक, हातात स्टीलचा डबा. फोनमधल्या नकाशानं नाल्यापाशीच हात टेकले होते; तिथून पुढे त्यात नुसता हिरवा रंग, आणि मधोमध एक निळा ठिपका, म्हणजे ती. अशात डोक्यावरून आवाज आला, "हॅलो… हां, बोला."

ती थांबली. "मी संघप्रिया रामटेके," ती म्हणाली. विचारणारा कोणी का असेना, नाव नीट सांगावं अशी तिला घरची शिकवण होती.

झाडानं तिकडे लक्ष दिलं नाही. ते दुसऱ्याच कुणाशी बोलत होतं. "नाई ना भाऊ, त्या इंजिनिअर मॅडम आल्याच नाई. वाघाच्या भेवानं कुरखेड्यातूनच पलटल्या असतीन."

"पलटले नाही," ती वर बघून म्हणाली. "आणि वाघ भेटला असता तर बरं झालं असतं. रस्ता तरी विचारला असता."

वर पानांत खळबळ झाली. एक चप्पल खाली पडली. मग दोन फांद्यांच्या बेचक्यातून एक चेहरा डोकावला: सव्वीसेक वर्षांचा, बोलण्याआधी हसणारा.

"मॅडम… तुम्हीच का?"

"मीच. वर नेटवर्क आहे?"

"दोन काड्या आहेत."

"खरंच?"

"वर येऊन पाहा ना."

ती वर गेली नाही. पण चप्पल उचलून तिनं झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवली, आणि ते त्यानं पाहिलं.

हा लोकेश नरोटे, कोसमटोला ग्रामसभेचा सचिव. त्या गावाचं नेटवर्क तिसऱ्या फांदीवर राहायचं, पावसाळ्यात चौथीवर सरकायचं. सासूसुनांची भांडणं त्या फांदीवर मिटलेली, एक लग्न तिथंच ठरलेलं आणि तिथंच मोडलेलं. मोडलं तेव्हा नवरदेवाचा बाप फोनसकट खाली आला, पण खाली येईपर्यंत बोलत होता असं सांगतात.

"डब्यात काय आहे?" चालता चालता लोकेशनं विचारलं.

"कॉम्प्युटर. दोन."

त्यानं झाकण उघडून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मले वाटलं भाजी असन."

*

फोममध्ये तळहाताएवढे दोन हिरवे बोर्ड होते. पडदा नाही, बटणं नाहीत, पंखा नाही. नुसते वायरी खोचायचे खळगे आणि एक मिणमिणता दिवा. पण आत संगणक चालवणारी, युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली होती. ज्या घराण्याच्या जोरावर जगातल्या बँका आणि विमानतळं चालतात, त्याच घराण्यातली ही धाकटी पाती. संघप्रियानं चंद्रपूरच्या आपल्या ऑफिसात ती स्वतः बसवली होती. नको ते सगळं काढून टाकलं होतं, इतकं की उरलेली प्रणाली नखाएवढ्या कार्डावर मावली आणि वर जागाही उरली. बोर्डाला पत्र्याची एक डबी असायची. गावानं दुसऱ्या दिवसापासून त्याला डबीच म्हणायला सुरुवात केली.

एक डबी ग्रामसभेच्या हॉलमध्ये, सौरपेटीवर. दुसरी टेकडीवरच्या शाळेत, साध्या विजेवर. शाळेच्या डबीनं अँटेनातून हॉलच्या डबीशी बोलायचं, हॉलच्या डबीनं कुरखेड्याच्या टॉवरशी. म्हणजे शाळेशेजारच्या खोलीतल्या नर्सबाईंना डॉक्टरांना विचारता येईल, पोरांना धडे दिसतील, आणि सचिवाला कागदासाठी झाडावर चढावं लागणार नाही.

लॅपटॉपला निळी वायर जोडून तिनं हॉलची डबी जागी केली. काळ्या खिडकीतून पांढऱ्या ओळी सरसर वर धावल्या. अर्धं गाव बघत होतं. शेवटी एक ओळ थबकली.

"हे काय म्हणते?" लोकेशनं विचारलं.

"तारीख तपासून घ्या म्हणतं. याच्यात घड्याळाचा सेल नसतो ना. वीज गेली की याच्यापुरती वेळ थांबते. वीज आली की जिथं थांबली होती तिथूनच मोजायला लागतं. नेट लागलं की मग बाहेर विचारून तारीख दुरुस्त करतं."

"आणि नेट नाई लागलं त?"

"तर जुन्याच दिवसात बसून राहतं बिचारं."

"आमच्या इसरूआजासारखं. डुलकीतून उठला का इचारते, माझं जेवण झालं का?"

कोपऱ्यातून इसरूआजानं डोळे न उघडता सांगितलं की मी झोपलेलो नाही. आणि जेवण झालं का, हेही विचारलं.

जाण्याआधी तिनं लोकेशला नोंद टाकायला शिकवलं. डबीला ग्रामसभेचा लॅपटॉप जोडायचा, काय घडलं ते एका ओळीत लिहायचं, तारीख डबी आपोआप लावते. नोंदी चंद्रपूरला तिच्या मशीनवर जातील आणि तारखेवार लागतील. तिला काही सांगायचं असेल तर ती डबीच्या स्वागताच्या ओळीत लिहील. जोडलं की तीच पहिल्यांदा दिसते.

"मराठीत लिहू का?"

"मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. डबीला अजून आपली लिपी येत नाही."

"शिकवा तिले," तो म्हणाला. "मग मलेही जे येत नाई ते शिकवा."

काय येत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. परतीच्या एसटीत, गडचिरोली येईपर्यंत, तिनं त्यावर विचार केला आणि काहीच हाती लागलं नाही.

*

नोंदी येऊ लागल्या.

"माकडानं अँटेना वाकवली. मी सरळ केली. माकड नाराज आहे."

स्वागताच्या ओळीत तिनं लिहिलं, माकडाला नमस्कार सांगा.

"सांगितला. माकड म्हणते, मॅडम कधी येणार?"

मग आठवडाभरानं: "हॉलच्या डबीचा हिरवा दिवा उदास दिसते."

ही नोंद कुठल्या खान्यात टाकावी, हे तिला कळेना. वीज, वायर, हवामान, जनावरं, असे खाने होते. उदास असा नव्हता. शेवटी ती स्वतःच गेली. दिवा ठणठणीत होता. लोकेश म्हणाला, मॅडमला पाहूनच सुधारला असेल. पुढच्या महिन्याभरात ती आणखी चारदा गेली. चांगलं असताना इतक्या वेळा दुरुस्त झालेलं यंत्र त्या जंगलात दुसरं नसेल. तिसऱ्या खेपेला 'तुम्ही' गळून पडलं, आणि कोणी पाडलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. चौथ्या खेपेला तिच्या ऑफिसातल्या 'मला'चं घरचं 'मले' झालं.

पण हा पोरगा डबीबद्दल बोलतो की स्वतःबद्दल? तिला काही पत्ता लागत नव्हता. ती रोज नवा अंदाज बांधायची आणि रोज तो मोडायचा.

मार्चच्या तीन तारखेला ती शाळेची डबी तपासायला गेली होती. मोहाखाली पहिली तुरळक फुलं पडली होती, पिवळसर, गुबगुबीत. तिनं एक उचललं आणि तोंडाशी नेलं, तेवढ्यात कोणीतरी मनगट धरलं. लोकेशची आई, नीलाबाई.

"पंडुम झाल्याबिगर नाई, पोरी."

पंडुम म्हणजे नव्या फुलाफळाची गावपूजा. गावानं मिळून दिवस ठरवायचा, देवाला आधी द्यायचं, मगच माणसानं तोंडात टाकायचं. तोवर लहान लेकरूसुद्धा मोहफूल चाखत नाही. संघप्रियानं ओशाळून फूल जिथून उचललं तिथंच ठेवलं. नीलाबाई हसल्या. "अजून गावानं दिवस धरला नाई. धरला का तुले बोलावतो."

दोन वाजता ती निघाली तेव्हा वीज गेली. लोकेश तिला नाल्यापर्यंत सोडायला आला. नाल्यापाशी तो थांबला. तीही थांबली.

"संघप्रिया…"

"काय?"

त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, तुटून लोंबणाऱ्या एका तारेकडे पाहिलं. "काही नाई. वायर पाहून चाल."

*

नऊ तारखेला हैदराबादहून नोकरीचं पत्र आलं. मोठी कंपनी, काचेची इमारत, तिनं कधीतरी मागे केलेला अर्ज. एकवीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते फोनवर कळवायचं. घरी सगळे खूश झाले. तिला मात्र आपण खूश आहोत की नाही तेच समजेना. चाळीस गावांतल्या डब्या तिनं स्वतःच्या हातानं लावलेल्या. त्या सोडून एका खोलीत बसायचं? पण राहायचं तरी कोणाच्या भरवशावर?

तिनं हॉलच्या डबीच्या स्वागतात लिहिलं: "हैदराबादची नोकरी आली आहे. एकवीसपर्यंत कळवायचं आहे. जाऊ का?"

दहा तारखेला उत्तर आलं. "जा. तुमचं भलं होईल. इथलं आम्ही पाहून घेऊ."

तुमचं. आम्ही. तिनं ती ओळ इतक्या वेळा वाचली की अक्षरं झिजायची राहिली.

सोळा तारखेला शाळेकडची वाकलेली अँटेना सरळ झाली, बंद पडलेली जोडणी सुरू झाली आणि अडकलेल्या नोंदी एकदम आल्या. मशीननं त्या तारखेवार लावल्या. तीन मार्चच्या खाली एक नवी ओळ बसली होती:

"नको जाऊ. पहिलं मोहफूल तोंडात टाकलं, गोड लागलं नाई."

तिनं तारीख पुन्हा पाहिली. तीन तारखेला. म्हणजे ती नाल्यापासून पुढे गेली आणि तो शाळेत जाऊन हे लिहून बसला होता, आणि जोडणी नसल्यामुळे ते तिथंच अडकलं. हैदराबादचं तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं, पण त्या दिवशी त्याला वाटत होतं, तिनं गावातून जाऊ नये. आणि दहा तारखेपर्यंत, सात दिवसांत, ते वाटणं आटलं. माणसाचं असं होतं. तीननंतर दहा येते. शेवटचा शब्द 'जा'.

तिनं हैदराबादला जायची तयारी सुरू केली.

जी पोरगी चाळीस गावांत सांगत फिरली की या डबीला घड्याळ नसतं, तिच्या तारखेवर भरवसा ठेवू नका, ती स्वतः तिच्या तारखेवर भरवसा ठेवून बॅग भरू लागली. प्रेमात माणसाची बुद्धी कुठल्या फांदीवर जाऊन बसते, याचा टॉवर अजून कोणी उभारलेला नाही.

शुक्रवारी दुपारी ती नव्या इंजिनिअरसाठी सगळ्या नोंदी कागदावर काढत होती. बाहेर चंद्रपूरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. एकेक गाव, एकेक पान. कोसमटोल्याचं पान आलं. वाचायचं नाही असं ठरवून तिनं वाचलं. पहिलं मोहफूल तोंडात टाकलं…

तिचा हात थांबला. मनगटावर नीलाबाईंची बोटं पुन्हा जाणवली. पंडुम झाल्याबिगर नाई.

तीन तारखेला पंडुम झालाच नव्हता. गावानं दिवसही धरला नव्हता. ग्रामसभेचा सचिव, नीलाबाईंचा पोरगा, पंडुमाआधी मोहफूल तोंडात टाकेल? वाघ पालेभाजी खाईल एक वेळ.

मग तीन तारखेला दोन वाजता वीज गेली होती, ते आठवलं. डबीचे डोळे तेव्हा मिटले. वीज किती दिवसांनी आली असेल? आली तेव्हा जोडणी नव्हती, विचारायला कोणी नव्हतं, आणि डबीला वाटलं, आत्ताच तर डुलकी लागली होती. तिनं त्या ओळीवर तीन मार्च लावलं आणि निर्धास्त बसली.

म्हणजे 'जा' आधीचं. 'नको जाऊ' नंतरचं.

किंवा… नसेलही. पंडुम कधी झाला हे तरी तिला कुठं ठाऊक होतं? आणि फोन करून विचारायचं तरी काय: तू फूल कोणत्या तारखेला खाल्लंस? तिनं दोनदा नंबर काढला, दोनदा फोन उलटा ठेवला. शनिवारी पहाटे ती वडशाच्या एसटीत बसलेली होती. सॅकमध्ये दोन बटणाएवढे सेल होते, घड्याळाच्या तुकड्यांसकट. दुरुस्तीला चालले आहे, असं तिनं घरी सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

*

नाल्याच्या पलीकडे, झाडाखाली पोचली तेव्हा दीड वाजला होता. वरून आवाज येत होता.

"हॅलो… हॅलो… च्या मायबी."

"लागत नाही का?" तिनं विचारलं.

"नाई ना. पोहोच क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणते."

"कोण म्हणते?"

"आतली बाई."

"मग त्या बाईले सांग, मी खाली उभी आहे."

पानं एकदम गप्प झाली. मग दोन्ही चपला खाली पडल्या, एकामागोमाग.

"गेली नाईस?" चेहरा बेचक्यात आला. या वेळी तो आधी हसला नाही.

"पाच वाजेपर्यंत वेळ आहे. आधी मले एक सांग. पंडुम कधी झाला?"

"पंडुम? चौदाले. शनिवारी. काऊन?"

तिनं बुंध्याला हात टेकला. चौदा. दहानंतर चौदा येते, हे तिला लहानपणीच शिकवलं होतं, पण इतकं पटलं आजच.

"मग दहाले 'जा' काऊन लिहिलं होतं?"

लोकेश फांदीवरच खाली सरकला आणि त्यानं आधी मान खाजवली. त्या दिवशी हॉलमध्ये बैठक होती, त्यानं सांगितलं. अकरा जण. त्यानं डबी जोडली आणि स्वागतात तिचा प्रश्न सगळ्यांसमोर लॅपटॉपच्या पडद्यावर आला. इसरूआजानं विचारलं, काय लिहिलं आहे? वाचून दाखवावं लागलं. आणि ग्रामसभेसमोर आलेला प्रश्न ग्रामसभा सोडत नाही. दीड तास चर्चा झाली. पोरीचं भलं होते त जाऊ द्या, असं ठरलं.

"म्हणजे तो ठराव होता?"

"हो ना. एकमतानं."

"आणि तुझं मत?"

"सचिवाले मत नसते," तो म्हणाला. "सचिवानं लिहायचं असते."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे का भरले, हे तिला समजलं नाही. आता ती समजायच्या मागेही लागली नाही. तो पुढे सांगत होता. शाळेत वीज अकरा दिवस नव्हती, चौदाला आली. संघप्रिया निघायच्या गडबडीत असेल म्हणून आईनं बोलावणं धाडलं नव्हतं. पंडुमाची फुलं वाटली, सगळे नाचायला गेले, तो एकटा टेकडीवर गेला, तिथं कोणी मागून वाचत नाही म्हणून. लिहिलं. मग वाट पाहिली. उत्तर नाही. मग तिला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला, अकरा वेळा. आज शेवटचा दिवस म्हणून कापायचा नाही असं ठरवून चढला, तर तीच पोहोच क्षेत्राच्या बाहेर.

"मी तुझ्याच पोहोच क्षेत्रात होते," ती म्हणाली. "आता डबीत नाही, तोंडानं सांग. इथं अकरा जण नाईत."

लोकेशनं फांदी घट्ट धरली, पडू नये म्हणून असावी.

"नको जाऊ," तो म्हणाला. मग, अजून हळू, "माझ्यासाठी नको जाऊ, संघप्रिया."

तिनं चपला काढल्या, त्याच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि ओढणी कमरेला खोचली.

"हात दे. किती काड्या आहेत वर?"

तिसऱ्या फांदीवर दोघं बसली तेव्हा फांदी कुरकुरली, पण तिनं याहून जड संसार सोसले होते. संघप्रियानं हैदराबादला फोन लावला. तिकडच्या बाईंनी फार गोड आवाजात कारण विचारलं. संघप्रियानं शेजारी पाहिलं. लोकेश टेकडीकडे अशा तन्मयतेनं बघत होता, जणू ती आजच उगवली आहे.

"मी तारीख वाचण्यात चुकले होते," संघप्रिया म्हणाली. "इथलं माझं काम राहिलं आहे. चाळीस गावं आहेत." तिकडच्या बाईंना काय समजलं कोण जाणे. त्यांनी शुभेच्छा दिल्या.

खाली नीलाबाई सूप घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही. सुपात वाळत आलेली मोहफुलं होती. त्यांनी एक उचलून संघप्रियाच्या हातावर ठेवलं आणि या वेळी मनगट धरलं नाही.

दुपारी हॉलच्या डबीला तिनं घड्याळाचा तुकडा डाखला, सेल बसवला. इसरूआजानं विचारलं, आता ही विसरणार नाही का? नाही, ती म्हणाली. त्यावर इसरूआजानं आपल्यासाठीही एक मागितला.

मग ती दोघं शाळेत गेली. दुसऱ्या डबीलाही सेल बसला. लॅपटॉप मांडीवर घेऊन संघप्रियानं नोंदींचं पान उघडलं, तीन मार्चच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही तारीख तेवढी दुरुस्त करते. चौदा टाकते."

लोकेशनं तिचं बोट अलगद बाजूला केलं आणि सोडलं नाही.

"राहू दे. तीनच बरोबर आहे."

"कशी काय? पंडुम तर चौदाले…"

"लिहिलं चौदाले," तो म्हणाला. "म्हणायचं तीनलेच होतं, नाल्यापाशी. वायर पाहून चाल, असं म्हणून बसलो."